घोंगडीतला लाल फोन

लाल फोन वाजला की साळवेकाका आधी चपला काढायचे, मग ताठ उभे राहायचे, मग खुर्चीवरची काळी घोंगडी डोक्यावरून घ्यायचे आणि फोनसकट आत गुडूप व्हायचे. बाहेर दिसायचे फक्त दोन पाय आणि फोनची वायर. मे महिन्यात नगरच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या छपराखाली काय उकडतं ते ज्यांनी सोसलंय त्यांनाच या माणसाची थोरवी कळेल. पाच-दहा मिनिटांनी घोंगडी बाजूला व्हायची. घामाने निथळलेले, केस विस्कटलेले काका बाहेर यायचे आणि तोंडावर आनंद असा, की जणू घरात बारसं आहे.

"आली!" ते मला सांगायचे. "तक्रार आली, पोरी! लई भारी तक्रार हाय!"

काय तक्रार आली ते मात्र मेले तरी सांगायचे नाहीत.

मी तेव्हा त्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. देवळाली प्रवराहून नगरला मामांकडे राहायला आले होते. कानाला हेडफोन लावून बोर्डावर बसायचे आणि जगातलं सगळं आधी मलाच कळतं अशा तोऱ्यात वावरायचे. आमचा कारखाना मोटारींचे सुटे भाग करायचा. नव्वद सालानंतर जो तो परदेशी कंपनीशी करार करत सुटला होता, तसा आमच्या मालकांनीही केला. आम्हाला वाटलं, आता पगार वाढणार, गणवेश बदलणार, कँटीनमध्ये काटेचमचे येणार. त्यातलं काही आलं नाही. आला तो हा लाल फोन.

करारातच तशी अट होती. कारखान्यात कुठे काही वाकडं चाललं असेल, चोरी, लाच, दमदाटी, जिवाला धोका, तर कामगाराने नाव न सांगता कळवायचं आणि कंपनीने चौकशी करायची. याला म्हणायचं एथिक्स हॉटलाइन, म्हणजे नीतिमत्तेचा फोन. आमच्याकडे तोवर तक्रार करायची म्हणजे युनियनच्या पुढाऱ्याला गाठायचं, नाहीतर साहेबाच्या गाडीपुढे आडवं व्हायचं. साहेबाविरुद्धची तक्रार साहेबाच्याच फोनवर करायची, ही कल्पनाच एवढी भन्नाट होती की चार दिवस कारखान्यात दुसरा विषय नव्हता. उद्घाटनाला फोनला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढे वाटले. नारळाचं पाणी फोनमध्ये गेलं आणि हॉटलाइन पहिल्याच दिवशी बंद पडली. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पुन्हा सुरू केली. पेढे पुन्हा वाटले नाहीत.

फोनवर बसवायचं कुणाला, यावर बराच काथ्याकूट झाला. युनियनला मॅनेजमेंटचा माणूस नको आणि मॅनेजमेंटला युनियनचा. शेवटी दोघांचं एकमत झालं ते स्टोअरमधल्या भास्कर साळवे यांच्यावर. या माणसाने कधी कुणाची चहाडी केली नव्हती आणि कुणाचा उगाच चहाही घेतला नव्हता. दोष एकच. वर्षानुवर्षं यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलल्यामुळे त्यांचा आवाज गेटपर्यंत जायचा. पहिलीच तक्रार आली तेव्हा ते फोनवर गरजले, "काय म्हनता? डिझेल? जनरेटरच्या मागनं कोन नेतंय डिझेल?" फोन खाली ठेवेपर्यंत डिझेलचा कॅन चोराने स्वतःच जागेवर आणून ठेवला होता.

आमचे पर्सोनेल मॅनेजर बर्वेसाहेब धावत आले. "अहो साळवे, ही गुप्त लाइन आहे! गुप्त!"

दुसऱ्या दिवशी काका सायकलला घोंगडी बांधून आले.

एकदा का जबाबदारी अंगावर आली, तसे काका नुसते पेटले. कंपनीने आचारसंहितेचं मराठी पुस्तक छापलं होतं. ते आम्ही कुणी उघडलं नाही, काकांनी तोंडपाठ केलं. रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. "फोनवर कोण बघतंय काका?" असं मी विचारलं तर म्हणाले, "इस्त्री असली का आवाज नीट येतो." कुणीही फोन केला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "बिनधास्त बोला! कान कंपनीचा हाय, त्वांड माझं हाय, आन ते बंद हाय."

माझ्यावर तर त्यांचा फारच बारीक डोळा. कुठल्या विभागातून फोन आला ते माझ्या बोर्डावर दिवा लागून कळायचं. काकांनी बोर्डावर रुमाल टाकला. "दिवा बघू नको. डोळं मिटून जोड." मी प्रामाणिकपणे तसं करून पाहिलं. कँटीनला मागितलेला फोन थेट मालकांना जोडला गेला आणि मालकांना दोन प्लेट भज्यांची ऑर्डर मिळाली. त्यानंतर आमची तडजोड झाली. "बघ," काका म्हणाले, "पन ध्यानात ठेवू नको." शिवाय त्यांच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये होती नुसती प्लायवूडची फळी. घोंगडीमुळे त्यांचा आवाज कारखान्यापासून लपायचा, माझ्यापासून नाही. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आणि तक्रारी तरी कसल्या! पोह्यांत शेंगदाणे फक्त स्टाफच्या डिशमध्ये असतात. वॉचमन झोपतो आणि उठवलं तर शिव्या देतो. एकाने आपल्या सासऱ्याविरुद्ध तक्रार केली, एकाने शेजाऱ्याच्या म्हशीविरुद्ध. दुसरा कुणी असता तर फोन आपटला असता. काका म्हणायचे, "म्हस नियमात बसत न्हाई. पन तुमी सांगा, मी ऐकतो." आणि खरोखर ऐकायचे. माणसं फोन ठेवायची तेव्हा निम्म्यांची तक्रार तिथेच मिटलेली असायची.

वर्षभराने परदेशातल्या कंपनीच्या एक मॅडम पाहणीला आल्या. बर्वेसाहेबांनी घोंगडी लपवून ठेवायला बजावलं होतं, पण मॅडम खोलीत शिरायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली. काकांनी कपाटातून घोंगडी ओढली आणि आत गेले. मॅडम त्या बोलणाऱ्या ढिगाकडे बघतच राहिल्या. बर्वेसाहेब घामाघूम. काका बाहेर आल्यावर मॅडमनी घोंगडी हातात घेतली, स्वतःच्या डोक्यावर घेतली, आत काहीतरी बोलून पाहिलं आणि लालबुंद होऊन हसत बाहेर आल्या. त्यांनी अहवालात लिहिलं म्हणे, की गुप्ततेच्या बाबतीत इतकी चोख व्यवस्था त्यांनी दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात पाहिली नाही. काका आठवडाभर हवेत होते.

आता अशोकबद्दल सांगायला हवं.

अशोक हा काकांचा धाकटा भाऊ, आमच्याच कारखान्यात प्रेसशॉपमध्ये मशीनवर कामाला. आणि दोघांचा अबोला होता. साधासुधा नव्हे, चांगला मुरलेला. एक कँटीनमध्ये आला की दुसरा उठायचा. गेटवर समोरासमोर आले की अशोक भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि काका जाईपर्यंत भिंतीवरची सुरक्षेची पाटी वाचायचा. ती पाटी त्याला पाठ झाली असणार.

कारण ऐकाल तर हसाल, मीही हसले होते. बहिणीचं लग्न कर्जतला होतं. फोटोग्राफरला मोटारसायकलवरून आणायचं काम अशोककडे. वाटेत एका गावात कुस्त्यांचा फड लागलेला. अशोक म्हणाला, एकच कुस्ती बघू. एक झाली, दुसरी झाली, फोटोग्राफरही रंगात आला. दोघे मांडवात पोचले तेव्हा लग्न लागून गेलं होतं. रोल धुऊन आला तर त्यात बहीण नाही, मेव्हणे नाहीत, नुसते लंगोट लावलेले पैलवान. फोटो बघायला जमलेल्या भर पाहुण्यांत काकांनी अशोकला सांगितलं, "आजपासनं मला त्वांड दावू नको."

अशोकने ते शब्दशः पाळलं. साळवेकाकू वारल्या तेव्हाही तो आला, गर्दीत मागे उभा राहिला आणि तोंड न दाखवता निघून गेला. काका घरी एकटेच राहायला लागले. हे आठवलं की मला हसू येईनासं होतं.

तर एके दिवशी बोर्डावर प्रेसशॉपचा दिवा लागला. "हाटलाइन द्या," पलीकडचा आवाज म्हणाला. आवाज मी ओळखला आणि नियमाप्रमाणे लगेच विसरले. जोडून दिला, पण हेडफोन कानावरून काढला नाही. फळीपलीकडे चपला निघाल्या, घोंगडी सरकली.

"बिनधास्त बोला! कान कंपनीचा..." आणि काका मध्येच थांबले. असे ते कधी थांबत नसत.

तक्रार खरी आणि जीवघेणी होती. पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. काम भराभर उरकावं म्हणून सुपरवायझरने सगळ्या प्रेसवरच्या एकेका बटणात लाकडी खुंटी ठोकून ठेवली होती. एक हात बटणावर, दुसरा प्रेसखाली.

"तुमचा प्रेस बी तसाच हाय का?" काकांचा आवाज घोंगडीतून आला.

"व्हय, सायेब."

"तुमी... तुमी आता मशीनवर जाऊ नका. हात धुवायला जा. च्याला जा. कुटं बी जा. हात सांभाळा तुमचा."

त्या दिवशी काका बाहेर आले ते "लई भारी" म्हणत नाही. पांढरेफटक पडले होते. चपला न घालताच ते बर्वेसाहेबांकडे पळाले आणि तासाभरात सगळ्या खुंट्या निघाल्या. सुपरवायझर मात्र बिथरला. तो थेट काकांच्या खोलीत आला. "साळवे, कोण बोललं सांगा. गुपचूप माझ्या कानात सांगा."

"कान कंपनीचा हाय..." काकांनी सुरुवात केली.

"तुमची बदली भंगारात करीन!"

"करा की. तिथं फोन असला म्हंजी झालं."

बर्वेसाहेबांनी सुपरवायझरचीच बदली केली, भंगारातच. सगळा कारखाना खूश. काकांना लोक लांबूनच हात उंचावून जय भीम घालू लागले.

त्यानंतर मात्र प्रेसशॉपचा तो आवाज दर गुरुवारी यायला लागला. तक्रारींमध्ये काही दम नसायचा. पंखा करकरतो. चहा गार असतो. साबणाला वास नाही. आणि काका! मिनिटात मिटेल अशा तक्रारीला त्यांची चौकशी अर्धा तास चालायची.

"पंख्याचं बघतो. तक्रारदाराची तब्येत बरी हाय का? नियमात हाय, इचारावं लागतं."

"बरी हाय, सायेब."

"घरी पोरं किती? शिकत्यात का? ह्ये बी नियमात हाय."

"दोन. मोटी सातवीला हाय. गनितात लई हुशार."

"कुनावर गेली?"

"तिच्या चुलत्यावर."

घोंगडीतून नाक ओढल्याचा आवाज. मग: "साबनाचं बी बघतो."

दोघांनाही सगळं माहीत होतं आणि दोघेही समोरचा कोण आहे ते ठाऊक नसल्यासारखे बोलत होते. असले नियम त्या पुस्तकात कुठेही नव्हते. मला इकडे हसूही यायचं आणि हेडफोन काढवतही नसे. एकमेकांना तुम्ही-आम्ही, साहेब-तक्रारदार म्हणत का होईना, भाऊ बोलत होते. गुरुवार आला की काका सकाळपासून फोन पुसत बसायचे.

आणि नेमकं तेव्हाच परदेशातून पत्र आलं, की लाल फोन बंद करा. आता असल्या हॉटलाइन चालवण्यासाठी वेगळ्या कंपन्याच निघाल्या होत्या. मुंबईत त्यांचं मोठं कार्यालय, फोनवर शिकवून तयार केलेली मुलंमुली, फुकटचा नंबर, हिंदी-इंग्रजी दोन्ही भाषा. कारखान्यातल्याच माणसाने तक्रारी ऐकणं बरोबर नाही, बाहेरचा कान हवा, असं त्यांचं म्हणणं. म्हटलं तर खरंच होतं ते. पण काका जागचे उठले ते थेट बर्वेसाहेबांच्या केबिनमध्ये.

"आवो सायेब, ममईच्या पोराला प्रेसची खुंटी काय कळायची?"

"साळवे, तुमच्या कामावर कुणी नाराज नाहीये. सगळ्याच कारखान्यांत आता असं होणार आहे."

"म्या पगारवाढ मागत न्हाई. घोंगडी बी माझीच हाय. निस्ता फोन ऱ्हाऊ द्या."

बर्वेसाहेब चांगले होते, पण निर्णय त्यांच्या हातात नव्हता. मग कामगारांनी चळवळ केली. म्हणजे काय केलं, तर हॉटलाइन बंद करणं हे अनैतिक आहे अशी तक्रार हॉटलाइनवर केली. एकाने केली, मग दहा जणांनी, मग अख्ख्या शिफ्टने. माझा बोर्ड दिवाळीसारखा पेटला होता. काका घोंगडीतून बाहेरच येईनात. मी पाण्याचा तांब्या आत सरकवत होते आणि आतून एकच घोष चालला होता: "नोंद केली! बिनधास्त बोला! नोंद केली!" कारखान्यात एवढा उत्साह मी त्याआधीही पाहिला नाही आणि नंतरही नाही. लोकांना वाटत होतं काकांचा मान राखायचाय. तो फोन गेला तर काकांचं काय जाणार आहे, ते मला आणि प्रेसशॉपमधल्या एकाला माहीत होतं.

काही उपयोग झाला नाही. फोन काढायचा दिवस ठरला.

शेवटच्या दिवशी दुपारी प्रेसशॉपचा दिवा लागला. मी न विचारताच जोडला.

"बोला," काका म्हणाले. एवढंच.

"सायेब, एका मानसाविरुद्ध तक्रार हाय."

"कुनाविरुद्ध?"

"भास्कर साळवे, स्टोअर. त्याचा एक धाकटा भाऊ हाय. त्याच्याशी बोलत न्हाई."

फळीपलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काका बाहेर आले आणि माझ्या दारात उभे राहिले. चेहरा असा, की हसावं की रडावं ते ठरत नव्हतं.

"पोरी, माझ्याविरुद्ध तक्रार आली."

"मग?"

"मग काय? नियम हाय. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानं चौकशी करायची न्हाई. बर्वेसायेब पुन्याला गेल्यात. तू कर."

"काका, मी ऑपरेटर आहे!"

"आसंना का. तू कुनाच्या बाजूची न्हाईस. तेवढंच पायजेल."

मी प्रेसशॉपला फोन लावून अशोकला बोलावून घेतलं. काकांच्या खुर्चीत मी बसले आणि माझ्यापुढे ते दोघे शाळेतल्या पोरांसारखे उभे राहिले, एक इकडे बघत, एक तिकडे. अशोकच्या हातांना कोपरापर्यंत तेल लागलेलं. मी घसा खाकरला.

"तक्रार काय आहे?"

"मोटा भाऊ बोलत न्हाई," अशोकने भिंतीला सांगितलं.

"खरं आहे का?"

"खरं हाय," काकांनी खिडकीला सांगितलं.

"कारण?"

"कुस्त्या," दोघेही एकदम म्हणाले.

मला फिस्सकन हसू आलं. ते दोघे हसले नाहीत.

"राग दुसऱ्या दिशी सकाळीच गेल्ता," काका म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मला वाटलं, ह्यो येईल. रोज वाटायचं. मग ह्याच्या वैनीच्या मयताला तरी येईल वाटलं."

"आल्तो की," अशोक म्हणाला. "तू बोलावशील म्हनून थांबल्तो. कुनी बोलावलंच न्हाई."

माझं वय तेव्हा बावीस. पण चौकशी अधिकारी म्हटल्यावर निकाल द्यायला हवा. मी म्हटलं, "तक्रारीत तथ्य आहे. दोघांनी आत्ता कँटीनमध्ये एका टेबलावर बसून जेवायचं."

कँटीनमध्ये बातमी आमच्या आधी पोचली होती. सगळ्यांचे घास हातात थबकले. दोघे समोरासमोर बसले. अशोकने डबा उघडून मेथीची भाजी काकांच्या ताटात वाढली. काकांनी आपली भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढे ठेवली. आम्ही श्वास रोखून वाट बघत होतो की आता बोलतील, आता बोलतील. एक शब्द नाही. ताटात बघून जेवले, हात धुतले, एक डावीकडे गेला, एक उजवीकडे. मला तर रडूच कोसळलं. घरी जाऊन मामीला म्हटलं, माझी चौकशी फुकट गेली.

दुसऱ्या दिवशी लाल फोन नव्हता. भिंतीतून वायरचं टोक तेवढं बाहेर आलेलं. काका स्टोअरमध्ये परत गेले. अकराच्या सुमाराला बोर्डावर प्रेसशॉपचा दिवा लागला.

"आप्रेटरबाई, स्टोअर द्या."

मी जोडलं. हेडफोन लगेच काढायला हवा होता, नाही काढला.

"हॅलो, स्टोअर."

पलीकडे प्रेसचा धाडधाड आवाज.

"दादा, काल जेवताना बोलला का न्हाईस?"

"तू म्होरं हुतास ना, आश्या. मला सुधरंना."

"मला बी."

"भाजी खारट हुती."

"मीच केल्ती. ही पोरान्ला घिऊन माहेरी गेलीया."

"व्हय? मग सांच्याला घरी ये. म्या बी एकलाच आसतो. दोगं मिळून कायतरी रांधू."

काकांना काय वाटलं कोण जाणे, ते घाईघाईने म्हणाले, "बोलायला पायजेल आसं काय न्हाई, आश्या. गप बसून जेवू. बोलायचं आसंल ते उद्या फोनवर बोलू."

मी हेडफोन काढून ठेवला.